शिकवणाऱ्यांनी जंगलात यावे : चंद्रपूर–गडचिरोलीतील नवनियुक्त आशांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाबाबत मागणीपत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग व राष्ट्रीय आरोग्य अभियान यांचे राज्यस्तरीय अधिकारी,
तसेच चंद्रपूर व गडचिरोली जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : नव्याने निवडलेल्या आशा स्वयंसेविकांच्या निवासी प्रशिक्षणाचे ठिकाण, हंगाम, भाषा आणि खर्च

महोदय/महोदया,

भामरागड ते गडचिरोली आणि गडचिरोली ते नागपूर ही दोन अंतरे जवळपास सारखीच भरतात. जिल्ह्याच्या कचेरीतल्या साहेबांना उपराजधानीत बैठकीला जाताना जेवढी सडक कापावी लागते, तेवढीच भामरागडच्या आशाताईला स्वतःच्याच जिल्ह्याचे ठाणे गाठताना कापावी लागते. साहेबांना गाडी असते, चालक असतो आणि भत्त्याचे ठरलेले बिल असते. शिवाय भामरागड हे काही तिचे गाव नव्हे. ती लाहेरीच्या पलीकडची, बिनागुंड्याच्या डोंगरातली असेल तर भामरागडच्या थांब्यावर पोचेपर्यंतच तिचा अर्धा दिवस सरतो. सिरोंचा गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरपेक्षा लांब. चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या पहाडावरच्या कोलामगुड्यातली बाई आधी गडचांदूरला उतरते आणि मग पुढची गाडी धरते. १४,४१२ चौरस किलोमीटरचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, तो जिल्ह्याचे ठिकाण लोकांच्या जवळ यावे म्हणून. दक्षिणेकडच्या तालुक्यांना ते अजूनही जवळ आलेले नाही.

हे मागणीपत्र एका विशिष्ट प्रवासाबद्दल आहे. गावाने आशा म्हणून निवडलेल्या बाईला कामाला लागताना जी सक्तीची प्रशिक्षणे घ्यावी लागतात, त्यांसाठीचा हा प्रवास. प्रशिक्षण नको, असे आम्ही म्हणत नाही. उलट ते आणखी पक्के व्हावे, अशीच आमची इच्छा आहे. हातात थर्मामीटर, वजनकाटा आणि औषधांची पेटी देऊन एखाद्या बाईला न शिकवता गावात सोडणे हा त्या गावावरचा अन्याय आहे. आमचे म्हणणे ठिकाण, वेळ आणि पैसा यांबद्दल आहे.

आधी हिशेब मांडतो. नव्या आशेचे प्राथमिक प्रशिक्षण आठ दिवसांचे. त्यानंतर सहाव्या व सातव्या पुस्तिकेचे प्रशिक्षण : पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या, म्हणजे वीस दिवस. एकूण अठ्ठावीस दिवस, पाच वेळा घर सोडणे. दूरच्या गावासाठी दर खेपेला जाण्याचा एक आणि येण्याचा एक दिवस धरला, तर अठ्ठावीसचे अडतीस होतात. त्यापुढे लहान बालकांच्या गृहभेटींचे आणि असंसर्गजन्य आजारांचे प्रशिक्षण असते, ते वेगळेच. आता निवडीचे निकष पाहा. आशा त्याच गावची रहिवासी हवी. शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित हवी. वय २५ ते ४५ हवे. आणि निवड ग्रामसभेतून व्हावी. निकष योग्यच आहेत. पण या निकषांतून येणारी बाई बहुतेक वेळा लेकुरवाळी असणार, हे निकष लिहिणाऱ्यांना ठाऊकच होते. ज्या कागदाने तिला गावात राहण्याच्या अटीवर निवडले, त्याच यंत्रणेचा दुसरा कागद तिला वर्षभरात महिन्याहून जास्त दिवस गावाबाहेर बोलावतो.

हे प्रशिक्षण मुळात कुठून आले, हेही इथे सांगायला हवे, कारण आमच्या मागणीचा सगळा आधार त्यात आहे. सहाव्या-सातव्या पुस्तिकेतली घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत दिल्लीत किंवा मुंबईत शोधलेली नाही. ती गडचिरोलीत घडली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने या जिल्ह्यातल्या ३९ गावांत १९९५पासून गावच्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, अंगाची ऊब राखणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे त्यांनी झोपडीत बसून केले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलेले दिसले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. २०११ साली केंद्र सरकारने घरभेटीतून नवजात काळजीची ही पद्धत आशांमार्फत देशभर लागू केली.

म्हणजे बिहारची, आसामची, राजस्थानची आशा आज जे शिकते ते धानोरा-गडचिरोलीकडच्या बायकांनी आधी करून दाखवलेले आहे. त्या बायका आपापल्या गावात राहून शिकल्या. थोडे शिकायचे, गावात जाऊन करून पाहायचे, चुकले-माकले ते पर्यवेक्षकाने घरी येऊन सुधारायचे, पुन्हा पुढचे शिकायचे, अशी ती रीत होती. चार फेऱ्यांमध्ये अंतर ठेवण्याची योजना त्याच रीतीतून आलेली आहे. योजनेने फेऱ्या घेतल्या. गावाशी असलेली जवळीक मात्र वाटेत कुठेतरी गळाली. जिथे ही पद्धत जन्मली त्याच जिल्ह्यातल्या नव्या आशेला ती शिकण्यासाठी पोर घरी टाकून दोन गाड्या बदलाव्या लागाव्यात, याला आम्ही अडचण म्हणणार नाही, विसंगतीच म्हणू.

या विसंगतीचा फटका फक्त आशेला बसत नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचे असते. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. सोमवारी सकाळी ती प्रशिक्षणाला निघाली आणि त्याच दिवशी गावात बाळ जन्मले, तर पाच दिवसांचे वर्ग आणि परतीचा प्रवास यांत तिसरा दिवस गेलाच. रस्ता बंद पडला तर सातवाही गेला. बाळ दगावण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो याच पहिल्या आठवड्यात, आणि हे वाक्य तिला नेमके त्या आठवड्यात वर्गात शिकवले जात असते. मलेरियाचेही तसेच. राज्यातल्या मलेरिया रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोलीचा असतो. पावसाळ्यात दूरच्या टोल्यावर ताप आला की रक्त तपासण्याची पट्टी असते ती आशेच्या पेटीत. पेटी कुलुपात आणि ताई जिल्ह्याला, मग तापलेल्या माणसाने कुणाकडे जायचे?

आता मागण्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : प्रशिक्षण तालुक्यात, आणि मोठ्या तालुक्यात दोन ठिकाणी घ्यावे. एका तुकडीत पंचवीस-तीस बायका असतात आणि शिकवणारे दोघे-तिघे. तिघांनी प्रवास करायचा की तिसांनी, हा प्रश्न सोडवायला समिती नेमावी लागणार नाही. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा, कोरची येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. अहेरी, आरमोरी, कुरखेडा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. जिवती-कोरपन्याच्या आशांसाठी गडचांदूर किंवा राजुरा सोयीचे पडेल. प्रशिक्षणाला लागते काय? एक कोरडी, उजेडाची खोली, सराव करायला बाहुली, वजनकाटा, घड्याळ, तक्ते, आणि जवळपास बाळंतपणे होणारा दवाखाना. एवढे तालुक्यात नाही असे कुणी म्हणत असेल, तर तो प्रश्न आमच्या प्रवासाहून मोठा आहे आणि त्याचा जाब वेगळ्या कागदावर मागावा लागेल.

यावर दोन आक्षेप येतात, ते आम्हाला माहीत आहेत. पहिला : तालुक्यात शिकवणारे थांबायला तयार नसतात. आम्ही एवढेच विचारतो की जिथे शिकलेला माणूस आठवडाभर राहू शकत नाही तिथे कमी शिकलेल्या बाईने जन्मभर सेवा द्यावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तालुक्यातल्याच अनुभवी परिचारिका, गटप्रवर्तक आणि जुन्या आशा यांतून प्रशिक्षक तयार करावेत. त्यांना राहण्याचा प्रश्न नाही आणि शिकणारीची भाषाही येते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : कमी वजनाची, अत्यवस्थ बाळे पाहण्याची संधी जिल्ह्याच्या नवजात अतिदक्षता कक्षातच मिळते. हे आम्हाला मान्य आहे. दोन तळव्यांत मावेल एवढे बाळ एकेका श्वासासाठी झगडताना एकदा पाहिले की तक्त्यावरचे धोक्याचे लक्षण पुन्हा विसरत नाही. म्हणून चारपैकी एक फेरी, शक्यतो शेवटची, जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावी. तिला आमचा विरोध नाही. खरे तर काही जणी त्या फेरीची वाट पाहतील. घरापासून दूर चार दिवस स्वतःसारख्या बायकांत राहायला मिळणे, हे कोणत्याही भत्त्यात बसत नसले तरी त्याला मोल आहे. आमचा विरोध आहे तो पाचही वेळा तेच करायला लावण्याला.

दुसरी मागणी हंगामाची. प्रशिक्षणाचे वेळापत्रक वर्षअखेरीच्या निधीवरून ठरू नये, झाडांवरून आणि नद्यांवरून ठरावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची असतात. पहाटे झाडाखाली नसलेल्या बाईची फुले जनावरे खातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पंधरा-वीस दिवसांच्या त्या कामावर कित्येक घरांची वर्षाची रोकड अवलंबून असते. जुलैत धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. आणि पावसाळ्यात रस्ताच नसतो. भामरागडला पर्लकोटा नदी फुगली की पुलावरून पाणी जाते आणि आलापल्लीकडची वाट तुटते, हे दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येते. आतल्या नाल्यांच्या रपट्यांची बातमीही होत नाही. आश्रमशाळांच्या इमारती उन्हाळी सुट्टीत रिकाम्या असतात, तिथे घ्या, असे कधी सुचवले जाते. सूचना चांगली आहे. फक्त ती तेंदूच्या हंगामात येते. उरतो काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरचा. मोठ्या फेऱ्या याच काळात व्हाव्यात आणि तारखा किमान एक महिना आधी लेखी कळवाव्यात. गटप्रवर्तकाच्या फोनवर आदल्या संध्याकाळी आलेला निरोप म्हणजे सूचना नव्हे. जिथे फोनची रेंज झाडावर चढून मिळते तिथे तर मुळीच नव्हे.

मग ऑनलाइन घ्या, असेही कुणी म्हणेल. बाळाचा श्वास मोजायला पडद्यावर शिकता येत नाही.

तिसरी मागणी अंगावरच्या बाळाची. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, हा आमच्या कामाचा गाभा आहे; घरोघरी आम्ही हेच सांगतो. तेच सांगायला शिकण्यासाठी स्तनदा आशेने आपले बाळ पाच दिवस सासूकडे ठेवून यावे, हे चालणार नाही. दोन वर्षांखालील मुलाला आणि त्याला सांभाळायला एका नातेवाईक बाईला सोबत आणण्याची परवानगी असावी. दोघांचे भाडे, जेवण आणि राहणे प्रशिक्षणाच्या खर्चात धरावे. वर्गाजवळ पाळणा टांगायला एक खोली द्यावी. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत किंवा बाळंतपणानंतर लगेच एखादीची फेरी चुकली, तर तिला पुढच्या तुकडीत विनाअट घ्यावे. एका प्रशिक्षणस्थळी बाळ रडते म्हणून आईला वर्गाबाहेर बसवल्याचे आमच्या काही सदस्य सांगतात. ठिकाणाचे नाव लिहून कुणाला अडचणीत आणायचे नाही. असे पुन्हा होऊ नये एवढी लेखी सूचना सर्वत्र जावी.

चौथी, पैशांची. मार्च २०२३पासून एस. टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे. सवलत चांगली आहे आणि आमच्या सदस्यांना तिचा उपयोग होतो. पण तिच्या आधाराने प्रवासभत्ता निम्मा धरू नये, कारण जिथे एस. टी. जात नाही तिथे काळीपिवळीवाला अर्धे भाडे घेत नाही आणि डोंग्याचा नावाडीही घेत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला स्वातंत्र्यानंतर पहिली एस. टी. पोचली ती १ जानेवारी २०२५ रोजी. अशी बस अजून न पाहिलेली गावे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. म्हणून भाडे घराच्या दारापासून धरावे : पायी, डोंगा, भाड्याची दुचाकी, जीप, बस, जे लागेल ते, आणि जिथे पावती मिळतच नाही तिथे ग्रामसभेचा किंवा पोलीस पाटलांचा दाखला पुरावा मानावा. निम्मी रक्कम निघण्यापूर्वी आणि उरलेली शेवटच्या दिवशी हातात रोख द्यावी. खात्यात महिन्याने जमा होणारा भत्ता काढण्यासाठी बँकेपर्यंत पुन्हा भाडे मोजावे लागते. असला भत्ता आमच्याच पैशाने आम्हाला दिला जातो.

याच मागणीचा दुसरा भाग बुडालेल्या कमाईचा. मार्च २०२४मध्ये राज्य सरकारने आशांच्या मानधनात पाच हजारांची वाढ मंजूर केली. त्यासाठी आधी संप करावा लागला, हे खरे. वाढ झाली हेही खरे. तरीही आमच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अजून कामावर आधारित मोबदला आहे. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या तर अडीचशे रुपये. तिसऱ्या दिवसाची भेट प्रशिक्षणामुळे चुकली तर सगळा संच अपुरा ठरतो. प्रशिक्षणाचे आणि प्रवासाचे सर्व दिवस कामाचे दिवस धरावेत. त्या काळात शेजारच्या गावच्या आशेने भेट दिली, रक्ताची पट्टी केली, तर तिला तिचा मोबदला मिळावा आणि मूळ आशेचा संच अपुरा मानू नये. अशी बदली व्यवस्था आधीच कागदावर ठरलेली असावी. गावाला तिचे नाव ठाऊक असावे.

पाचवी मागणी भाषेची. शिकवणे मराठीत चालते, पुस्तिका मराठीत आहेत. पण भामरागड-एटापल्लीत घरात माडिया बोलतात, धानोरा-कोरचीत गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बांगला, जिवतीत कोलामी. आशा मराठी वाचते. पण ज्या आजीला बाळाला अंघोळ घालू नको म्हणून समजवायचे आहे, तिला मराठी येत नाही. त्यामुळे शिकवताना सरावाचा भाग, म्हणजे आईशी बोलणे, धोक्याची लक्षणे सांगणे, दवाखान्यात जायला घरच्यांना तयार करणे, त्या त्या भाषेत करून घ्यावा आणि प्रत्येक तुकडीत ती भाषा बोलणारी एक तरी प्रशिक्षक असावी. हे तालुक्यातच शक्य आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सहा भाषांच्या बायका एका खोलीत बसतात तेव्हा सोपी मराठीसुद्धा सगळ्यांच्या डोक्यावरून जाते.

काही मागण्या लहान आहेत, पण रोजच्या आहेत. पहिला दिवस दुपारी सुरू करावा आणि शेवटचा सकाळीच संपवावा. सकाळी दहाची हजेरी लावली की दूरच्या बाईला आदल्या रात्री अनोळखी ठिकाणी मुक्काम करावा लागतो. आदल्या रात्री पोचणाऱ्यांना राहायला जागा आणि जेवण मिळावे. निवासात कडी लागणारी स्वच्छतागृहे, पाणी, मच्छरदाणी आणि रात्री एक महिला कर्मचारी हवी. आलापल्ली–सिरोंचा आणि आलापल्ली–एटापल्ली रस्त्यांवरची जड वाहतूक पाहता अंधारात परतीचा प्रवास करायला लावू नये. प्रवासात किंवा प्रशिक्षणात अपघात झाल्यास तो कर्तव्यावरचा अपघात समजावा. पूर, रस्ता बंद, गावातली मयत या कारणांनी गैरहजर राहिलेल्या आशेचे नाव कमी करण्याची भाषा कुणी करू नये. तिला निवडले ग्रामसभेने, काढायचे की नाही हेही ग्रामसभेला विचारावे.

या मागण्यांचा खर्च काढला तर तो वाढेलच असे नाही. तीस बायकांचे दूरचे भाडे आणि मुक्काम वाचतो, तिघा प्रशिक्षकांचा वाढतो. आम्ही आकडे मांडलेले नाहीत, कारण दोन्ही जिल्ह्यांचे प्रशिक्षणाचे हिशेब आपल्याकडे आहेत. आपल्याच कार्यालयांनी एका तालुक्यापुरता तुलनात्मक हिशेब करून आम्हाला दाखवावा. भामरागड आणि जिवती हे दोन तालुके प्रयोगासाठी घ्यावेत, असे सुचवतो. तिथे जमले तर इतरत्र अडणार नाही.

पुढच्या हंगामाचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी संघटनेच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे. बैठक आलापल्लीत किंवा राजुऱ्यात ठेवावी. प्रतिनिधींमध्ये नुकतेच प्रशिक्षण घेतलेल्या आशा असतील, आणि त्यांतल्या काहींच्या कडेवर मुले असतील. प्रत्येक मागणीवर मान्य, अमान्य किंवा विचाराधीन असे लेखी उत्तर कारणासह मिळावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आशा व गटप्रवर्तकांच्या संघटनेच्या वतीने

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी
सर्व तालुका आरोग्य अधिकारी व तालुका समूह संघटक
विभाग नियंत्रक, राज्य परिवहन, चंद्रपूर व गडचिरोली (प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळच्या गाड्या रद्द न करण्याबाबत)
आशा निवडलेल्या गावांच्या ग्रामसभा (वाचून दाखवण्यासाठी)